पहिला दगड जयाबाईचा

मित्रांनो, मी एक जुनी नाव आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्यात चूळ भरलेली आहे.

दचकू नका. कोगनोळीच्या अलीकडे हायवेला लागून विक्रमअण्णांचं हॉटेल आहे आणि हॉटेलच्या मागे त्यांचं लग्नाचं कार्यालय आहे. जेवून उठलात की उजव्या हाताला रांग लागते. तिथे विटांच्या दोन कट्ट्यांवर पॉलिश केलेली एक लांबलचक लाकडी वस्तू ठेवलेली आहे. वर पितळी नळ, आत साबणाचा फेस, भाताची शितं आणि कुणीतरी थुंकलेली बडीशेप. ती वस्तू म्हणजे मी. माझ्याशेजारी उभे राहून तुम्ही फोटो काढता, तोंड पुसता आणि तो कागद माझ्यातच टाकून जाता.

रांगेत तुम्हाला दुसरं काही काम नसतं, म्हणून माझी कहाणी सांगते. ती गोड नाही. पण तुम्ही नुकतेच जिलेबी खाऊन आलेले असता, तेव्हा थोडं कडू चालून जाईल.

माझं लाकूड खानापूरच्या जंगलातलं. तळाला आणि बाजूंना साग, आतल्या फासळ्यांना जांभूळ. निपाणी भागातल्या एका गावात, दूधगंगेच्या काठावर, भावकू आंबी नावाच्या माणसाने मला बांधून घेतलं. आमच्याकडे नावाड्याला आंबी म्हणतात. भावकूचा बाप आंबी, आजा आंबी, आणि त्याच्या घरातलं पोर चालायच्या आधी पोहायचं असं गाव म्हणायचं. मला बांधणारे सुतार तोंडाने फार शिव्या द्यायचे, पण त्यांचा हात चांगला होता. सांध्यांत काथ्या कोंबून, राळ आणि तेलाचं लुकण भरून त्यांनी मला उभी केली, तेव्हा पलीकडच्या काठावरची माणसंही बघायला आली होती. पलीकडचा काठ महाराष्ट्रात, अलीकडचा कर्नाटकात. मला दोन्हीकडचा चिखल सारखाच लागला.

ज्या वर्षी मी पाण्यात उतरले, त्याच वर्षी भावकूचं लग्न झालं आणि जयाबाई त्या घरात आली. पाणवठ्यावरच्या बायका तिला चिडवायच्या, "जये, तुझ्या आधी सवत आलीया घरात. नवरा दिवसभर तिच्यासंगंच असतोय बघ." जयाबाई पदर तोंडाला लावून हसायची. पण मला ठाऊक आहे, सुरुवातीला ती माझ्याकडे रागानेच बघायची. मलाही ती आवडत नव्हती. बुटकी होती, आणि माझ्यात चढताना मुद्दाम पाय आपटायची.

आमचं जमलं ते दगडांमुळे.

हे तुम्हाला नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. उन्हाळ्यात नदी आटली की नाव काठावर ओढून ठेवतात. उन्हाने लाकूड सुकतं, आकसतं, आणि फळ्यांच्या मध्ये फटी पडतात. कितीही लुकण भरा, त्या फटी पुऱ्या बुजत नाहीत. त्यांना एकच औषध आहे, ते म्हणजे पाणी. म्हणून मृगाच्या आधी नाव डोहात न्यायची, दगडांनी भरायची आणि बुडवायची. पाच-सहा दिवस ती पाण्याखाली राहते, पोटभर पाणी पिते, फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात. मग दगड काढले की नाव आपली आपण वर येते. त्यानंतर वर्षभर तिच्यात थेंब शिरत नाही. आमच्याकडे याला नाव निजवणं म्हणतात. आधी बुडलेली नाव मग बुडत नाही, असं भावकू सांगायचा.

निजवताना पहिला दगड घरच्या बाईने ठेवायचा असतो. जयाबाई माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावायची, नदीतला एक गुळगुळीत, तळव्यात मावेल असा गोटा निवडायची आणि माझ्या तळाशी ठेवायची. म्हणायची, "नीज बाई. उठलीस की कामाला लाग." त्यानंतर पुरुष आपापले दगड टाकायचे. ते टाकायचे, आदळायचे. ती मात्र ठेवायची. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की मी तिच्या हाताची वाट बघते आहे.

कामाची वर्षं मी फार रंगवून सांगत नाही. कामाच्या वर्षांचं कौतुक काम संपल्यावरच सुरू होतं आणि ते करणाऱ्यांनी कधी काम केलेलं नसतं. मी तंबाखूची बोदं नेली, म्हशी नेल्या, विड्या वळायला जाणाऱ्या बायका नेल्या, शाळेची पोरं नेली. नव्या नवऱ्या नेल्या. त्या अर्ध्या नदीपर्यंत रडायच्या आणि पुढच्या अर्ध्यात पलीकडे कोण घ्यायला आलं आहे ते बघायच्या. कुणी दर खेपेला पैसे देत नसे. सुगीत प्रत्येक घरातून जोंधळे यायचे, त्यात सगळं भागायचं. कुणी हात आखडता घेतला तर भावकू त्याला नाव मधोमध थांबवून नदीचं वर्णन ऐकवायचा. दुसऱ्या दिवशी जोंधळे घरी यायचे.

पुराच्या एका वर्षी मी पलीकडची अख्खी वस्ती खेपा करून आणली. शेवटच्या खेपेला एका म्हातारीने माझ्या काठाला डोकं टेकलं होतं. गावाने मला साडी नेसवली, नाळेला हार घातला, भाषणं झाली. या नावेला गाव विसरणार नाही, असं ज्याने माईकवरून सांगितलं, त्यानेच पुढे पुलाच्या उद्घाटनाला फेटा बांधला.

पूल झाला. पूल कुणी बांधायचा यावर दोन्ही काठांनी बरीच वर्षं चर्चा केली होती, तेवढी वर्षं मला फुकटची मिळाली. पुलाबद्दल माझी तक्रार नाही. बाळंतिणीला माझ्यातून न्यायला नको झालं हे चांगलंच झालं. पण गरज सरो वैद्य मरो म्हणतात ते कसं असतं, हे मी खालून वर बघून शिकले. तीच माणसं डोक्यावरून मोटारसायकलने जायची. एकाने वरून गुटख्याची पिचकारी मारली, ती माझ्या नाळेवर पडली. त्याच्या आईला मी पुरातून आणलं होतं.

भावकू रोज येऊन माझ्यात बसायचा. नदी ओलांडायला कुणी नाही म्हटल्यावर तो एकटाच पलीकडे जायचा आणि परत यायचा. लोक हसायचे. एका थंडीत तो गेला. पुढच्या मृगाआधी जयाबाई एकटीच काठावर आली. कुणीतरी म्हणालं, रांडमुंड बाईने नावेला हळदकुंकू लावू नये. तिने हळदकुंकू नाही लावलं. गोटा मात्र ठेवला आणि नंतरचे दगडही एकटीने टाकले. त्याला तिला दोन दिवस लागले. कशासाठी करते असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "फाटंल की ती."

मग तिच्या मुलाने, भरमूने, मला ट्रॅक्टरला बांधून घरामागच्या परड्यात आणून टाकलं. भरमू साखर कारखान्यात कामाला. वाईट माणूस नाही. त्याला पाण्याची भीती वाटते एवढंच, आणि आंबीच्या पोराला ही गोष्ट कुणाला सांगता येत नाही. परड्यात माझ्यावर शेणी रचल्या, कोंबड्यांनी आत अंडी घातली. काही वर्षं अशी गेली. पुढे घरात लग्न निघालं, आचाऱ्याच्या चुलीला जळण हवं झालं आणि भरमू माझ्याकडे बघून म्हणाला, "सागवान हाय. लई छान पेटंल."

जयाबाई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी निपाणीचा श्रेयांस आला.

श्रेयांसचा बाप तंबाखूचा व्यापारी. श्रेयांसला मात्र तंबाखूत रस नव्हता. तो पाडलेल्या घरांची जुनी दारं, खांब, तुळया विकत घ्यायचा, घासूनपुसून नव्या करायचा आणि हॉटेलवाल्यांना विकायचा. नदीकाठच्या जुन्या नावा जळणात चालल्यात, त्या दुरुस्त करून त्यांना चांगले मालक मिळवून द्यावेत, असं नुकतंच त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मी त्याची पहिली नाव. त्याने माझ्या काठावरून हात फिरवला, खाली वाकून वास घेतला. पोरगं खरंच हळवं होतं. हळव्या माणसांनी माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं कुऱ्हाडीनेही केलं नसतं.

"आजी, मी हिला पैल्यासारखी करतो," तो म्हणाला. "आनि चांगल्या घरी देतो."

"चांगलं घर नगं," जयाबाई म्हणाली. "घर हिला काय करायचंय? पाण्यात ठेवनारा असंल त्यालाच दे. पैसं नगंत मला."

"शप्पथ की वो आजी. पाण्यात ठेवनाऱ्यालाच देतो."

तेवढ्यावर भरमूने कुऱ्हाड ठेवून दिली. जळणासाठी त्याने पाडलेल्या बाभळीचं लाकूड आणलं. मला टेम्पोत चढवताना जयाबाई दारात उभी राहिली, पण बाहेर आली नाही.

निपाणीच्या शेडमध्ये माझी दुरुस्ती सुरू झाली. श्रेयांसबरोबर गुंडू नावाचा सुतार होता. दोघांनी माझं जुनं लुकण खरवडून काढलं. भावकूच्या हातचं होतं ते. मशीनने घासून माझी वरची कातडी उतरवली, कुजलेल्या दोन फळ्या बदलल्या, सांध्यांत डब्यातली लांबी, ती रंगाऱ्यांची पुट्टी, भरली आणि आतून-बाहेरून पॉलिशचे हात मारले. अख्खा उन्हाळा मला पत्र्याखाली पंखा लावून वाळवलं. काम झकास झालं होतं, हे मी शत्रूच्या बाबतीतही कबूल करेन. फक्त दोघांचाही हात दारांवर बसलेला. दार फुगलं की बिघडतं, म्हणून त्याला जन्मभर पाण्यापासून जपायचं. नाव फुगली नाही की बिघडते. त्या दोघांना यातली पहिली गोष्टच माहीत होती.

मग माझ्यासाठी स्थळं यायला लागली. मुलगी दाखवतात तसं मला दाखवायचे. फक्त पोह्यांच्या जागी चहा असे. बेळगावचा एक इंजिनियर म्हणाला, छान आहे, मधोमध कापून हॉलमध्ये उभी करू, आत फळ्या टाकल्या की ट्रॉफ्या ठेवता येतील. दुसऱ्याला माझ्यात बर्फ भरून त्यावर मासे मांडायचे होते. श्रेयांसने दोघांनाही चहा पाजून परत पाठवलं. पाण्यात ठेवणारा हवा, असं तो सांगायचा आणि लोक त्याच्याकडे कीव केल्यासारखं बघायचे. बाप रोज विचारायचा, हे लाकूड शेडमधून कधी निघणार. श्रेयांस शब्दाला धरून राहिला. त्याच्याबद्दल बरं बोलायचं असेल तर मी एवढंच बोलेन.

शेवटी विक्रमअण्णा आले. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, बोलणं मोठ्याने. त्यांच्या कार्यालयाशेजारी कंबरभर पाण्याचं तळं होतं. त्यात नावेतून नवरा-नवरीची एंट्री करायची अशी त्यांची कल्पना. त्यांनी मला बघितलं आणि एका वाक्यात ठरवून टाकलं. श्रेयांसचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. पाणी कंबरभर का असेना, पाणी होतं.

तळ्यात उतरवायच्या आदल्या आठवड्यात श्रेयांस जयाबाईला मला दाखवायला शेडमध्ये घेऊन आला. ती माझ्याभोवती एक फेरी फिरली. भरमूच्या लग्नातल्या आपल्याच जुन्या फोटोकडे बघावं तसं बघत होती, ओळख पटते आहे आणि पटत नाही. मग तिने माझ्या सांध्यावर नख ठेवलं आणि सावकाश ओढलं. लांबीला केसाएवढी चीर पडली होती. नख आत गेलं. पुढच्या सांध्यावरही गेलं. 

"आजी," श्रेयांसने विचारलं, "पाण्यात घालायच्या आधी आनि काय करायचं असतंय काय? तुमच्यात काय रीत असंल तर सांगा. लपवू नका."

त्याने विचारलं होतं, मित्रांनो. हे मी मुद्दाम सांगते. त्याने मान खाली घालून, अगदी नीट विचारलं होतं.

जयाबाईने नख पदराला पुसलं. "न्हाय रं बाळा," ती म्हणाली. "नाव हाय ती. पाण्यात घातली की चालती."

तेवढ्यात त्याला फोन आला आणि तो बाहेर गेला. जयाबाई माझ्या नाळेपाशी वाकली. तिच्या तोंडाला मिसरीचा वास होता. तो मी किती वर्षांनी घेतला. ती हळूच म्हणाली, "जागा झाडून ठेवलीया तुजी. भरमूचं जळन भागलंय. गळलीस की ह्ये लोक तुला टाकून देतील. मग मी घिऊन जाते तुला. जरा कळ काढ."

मला राग यायला हवा होता. माझ्या आयुष्यात मी एकदाही गळले नव्हते, आणि ही बाई मला चारचौघांत गळायला सांगत होती. पण मला राग आला नाही. मला वाटलं, ठीक आहे, एक दिवस लाज जाईल आणि मग घरी जाऊ. आम्हा दोघींना वाटलं की जे निकामी होतं ते आपल्याला परत मिळतं. एवढी वर्षं माणसं वाहूनही मला माणसं कळली नव्हती.

तो दिवस आला. मांडव, बँड, ड्रोन, सगळं होतं. माझ्या नाळेला झेंडूच्या माळा. जयाबाईला खुर्ची दिली होती, शाल दिली, नारळ तिच्या हस्ते फोडला. गोटा ठेवायला तिला कुणी सांगितलं नाही आणि तिने ठेवला नाही. विक्रमअण्णा स्वतः पुढे उभे राहिले, मागे त्यांचे सासरे, मेहुणे आणि कोल्हापूरहून आलेले दोन पाहुणे. मला ढकललं. मी तळ्याच्या मधोमध जाईपर्यंत सगळे हात हलवत होते.

मग पाणी आलं. एका जागेतून नाही, सगळ्या सांध्यांतून. सासऱ्यांनी आधी पाय उचलले, मग धोतर उचललं, मग ओरडले. सगळे एका बाजूला सरकले आणि मी कलंडले. कुणी बुडालं नाही, पाणीच कंबरभर होतं. पण विक्रमअण्णा तोंडावर पडले आणि उठले तेव्हा त्यांच्या डोक्यावर झेंडूची माळ होती. काठावरची माणसं हसली. आधी हळू, मग पोट धरून. बँडवाल्याने काय वाटून कोण जाणे, वाजवणं थांबवलं नाही. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ निपाणीपासून संकेश्वरपर्यंत सगळ्यांच्या फोनवर पोचला.

माणसं पांगल्यावर जयाबाई विक्रमअण्णांपुढे जाऊन उभी राहिली. ते टॉवेल गुंडाळून बसले होते.

"आता ती तुमच्या कामाची न्हाय अण्णा," ती म्हणाली. "मी नेते तिला. टेम्पोचं भाडं पोरगा दील."

विक्रमअण्णांनी तिच्याकडे बघितलं. मोठ्याने बोलणारा माणूस हळू बोलायला लागला की मला भीती वाटते. ते म्हणाले, "न्हाय आजी. हिनं माझ्या सासऱ्यासमोर मला पानी पाजलं. हिला अशी सोडत न्हाय मी. हितंच ऱ्हाईल ती. रोज दिसाय पायजे मला."

जयाबाईने हात जोडले. मग ती खाली वाकली आणि त्यांच्या ओल्या पायांना हात लावला. सत्तरी उलटलेली बाई. त्यांनी पाय मागे घेतले, पण शब्द मागे घेतला नाही. तिने तेव्हा खरं सांगायला हवं होतं, की नाव चांगली आहे, चूक माझी आहे, पाच दिवस थांबा. ती तोंड उघडायची आणि मिटायची. खरं सांगितलं तर नाव चांगली ठरते, म्हणजे ते देणार नाहीत. नाही सांगितलं तर नाव वाईट ठरते, तरी ते देत नाहीत. शेवटी भरमूने तिला दंडाला धरून नेलं.

मी तळ्यातच अर्धी बुडून पडून राहिले. कुणी बाहेरही काढलं नाही. पहिल्या दिवशी पाण्याने डब्यातली लांबी सोडवली. दुसऱ्या दिवशी लाकूड जागं झालं. तिसऱ्या, चौथ्या दिवशी फळ्या फुगल्या आणि एकमेकींना भिडल्या. पाचव्या दिवशी सकाळी मला कळलं की मी घट्ट झाले आहे. आता माझ्यातलं पाणी कुणी उपसलं असतं, तर वीस माणसं घेऊन मी पुन्हा निघाले असते. भावकूच्या काळात होते तशी मी त्या सकाळी होते.

त्याच सकाळी क्रेन आली. मला उचललं, पाणी ओतून टाकलं आणि कट्ट्यांवर ठेवलं. प्लंबरने माझ्या तळाला, बरोबर जिथे दरवर्षी पहिला दगड बसायचा तिथे, ड्रिल लावलं. सागाचा भुगा पडला, तो अजून पिवळा होता. प्लंबर म्हणाला, "अण्णा, लाकूड लई चिवट हाय." अण्णा म्हणाले, "मोठं भोक पाड."

श्रेयांस धावत आला तोवर नळ बसले होते. "अण्णा, पाण्यात ठेवायचा शब्द दिलता तुम्ही," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. अण्णांनी नळ सोडून दाखवला. "पानी हाय की. बघ जा, किती पायजे तितकं." मागे उभे असलेले चार-दोन लोक हसले. श्रेयांस तसाच माघारी गेला. हल्ली तो परत दारंच विकतो असं ऐकते.

तेव्हापासून मी इथे आहे. मी जन्मभर पाणी बाहेर ठेवलं, आता आत सांभाळते. तुमचं उष्टं, तुमची थुंकी, तुमच्या पोरांची ओकारी. एक गोष्ट मात्र गमतीची आहे. नळांमुळे मी सतत ओली असते, त्यामुळे माझे सांधे कधीच सुटत नाहीत. भोक सोडलं तर माझ्यातून थेंबही गळत नाही. इतकी घट्ट नाव आज दूधगंगेवर एकही नसेल.

आता शेवटचं सांगते.

गेल्या लग्नसराईत भरमूच्या साडूच्या मुलीचं लग्न याच कार्यालयात होतं. भरमूने आईला आणलं. त्याने तिला काही सांगितलं नव्हतं असं दिसलं. जेवण झाल्यावर जयाबाई रांगेत उभी राहिली. आता ती आणखी बुटकी झाली आहे. तिचा नंबर आला, तिने उजवा हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. तिने माझी नाळ बघितली. मग काठावरून बोटं फिरवत ती टोकापर्यंत गेली आणि परत आली. मागची बाई म्हणाली, "आजी, आटपा की. लई रांग हाय."

जयाबाई बाजूला झाली. कुंड्यांच्या भोवती शोभेचे पांढरे गोटे पसरलेले होते, तिथे ती बसली आणि एकेक उचलून बघायला लागली. दोन-तीन टाकून दिले. चौथा तळव्यात नीट मावला. तो घेऊन ती रांग मोडून आली, माझ्यात वाकली, शितं आणि कागद हाताने बाजूला केले आणि गोटा तळाशी ठेवला. बरोबर त्या जागी. तो भोकात घट्ट बसला.

"दगड मी ठिवाय पायजे होता," ती म्हणाली. "नीज बाई."

पुढचं ती बोलली नाही. उठलीस की कामाला लाग, हे वाक्य तिने गिळलं.

पंगत नुकतीच उठली होती. सगळे नळ चालू होते. पाणी जाईना. ते चढायला लागलं, आधी बोटभर, मग वीतभर. माझ्या फासळ्या बुडाल्या. जयाबाईचा हात अजून पाण्यातच होता. लाकडाला आतलं पाणी काय आणि बाहेरचं काय, सारखंच. साबणाचं होतं, खरकटं होतं, तरी मला तळाशी तो दगड लागत होता आणि वर पाणी होतं. मित्रांनो, किती तरी वर्षांनी मला कुणीतरी निजवत होतं, आणि मला निजवलं की उठल्यावर नदी असते एवढंच मला माहीत आहे.

मग कुणीतरी ओरडलं. हॉटेलचा पोरगा धावत आला, बाही सरकवून त्याने खांद्यापर्यंत हात घातला आणि गोटा उपसून काढला. "कोन टाकलं वो ह्ये? पाईप तुंबतोय की!" भरमू गर्दीतून पुढे आला. आईचा ओला हात त्याने धरला आणि सगळ्यांकडे बघून कसनुसं हसला.

"सोडा वो," तो म्हणाला. "म्हातारी हाय. कळत न्हाय तिला."

जयाबाईने माझ्याकडे बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "कळत न्हाय मला." आणि ती त्याच्याबरोबर चालत गेली. कागद न घेता तिने हात माझ्या काठालाच पुसला होता. मागे भोकातून सगळं पाणी घटघट आवाज करत निघून गेलं आणि रांग पुढे सरकली.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला गावाने जपलं नाही तेव्हा मी परड्यात का होईना, नाव होते. जपणारे आले आणि माझं हे झालं. जयाबाईनेही जपलंच होतं.

तेव्हा मला जपू नका. माझं मागणं लहान आहे. तुम्ही लग्नाला येता, जेवता, हात धुवायला रांगेत उभे राहता. तुमच्या डाव्या बाजूला कुंड्यांपाशी पांढरे गोटे आहेत. जाता जाता त्यातला एक माझ्या तळाशी ठेवा. टाकू नका, ठेवा. आणि कुणी ओरडलंच, तर सांगा की आम्हाला कळत नव्हतं.